विडंबनापलीकडील अभिनेता : शिवाजी साटम यांच्या अभिनयकक्षेचा एक विचार

प्रस्तावना :

दूरचित्रवाणी हे माध्यम घराघरांत पोहोचल्यानंतर नट आणि प्रेक्षक यांच्यातील नात्याचे स्वरूप पालटले. नाटकातील नट प्रेक्षकाला काही तास भेटतो. चित्रपटातील नट वर्षातून एकदा किंवा दोनदा भेटतो. मालिकेतील नट मात्र दर आठवड्याला, कधी दररोज, ठरलेल्या वेळी घरात येतो. या नित्य सहवासातून त्याला अफाट ओळख लाभते. पण याच सहवासातून त्याची एखादी लकब, एखादे वाक्य लोकांच्या तोंडी बसते आणि कालांतराने तो नट त्या लकबीपुरताच उरतो. हिंदी दूरचित्रवाणीवरील ‘सीआयडी’ या मालिकेत एसीपी प्रद्युम्न ही भूमिका करणारे मराठी अभिनेते शिवाजी साटम हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय.

‘कुछ तो गडबड है’ हे वाक्य आणि त्यासोबत चेहऱ्याजवळ फिरणारी हाताची बोटे यांची नक्कल शाळकरी मुलांपासून व्यावसायिक नकलाकारांपर्यंत सर्वांनी केली आहे. महाविद्यालयीन स्नेहसंमेलने, विनोदी कार्यक्रम, भ्रमणध्वनीवरील विनोदी संदेश आणि अलीकडची समाजमाध्यमे या सर्व ठिकाणी प्रद्युम्न विनोदाचा विषय झालेला दिसतो. यात प्रेक्षकांचे प्रेम आहे, हे नाकारता येत नाही. तथापि या हास्याच्या गदारोळात साटम यांनी अन्यत्र केलेले काम जवळजवळ विस्मृतीत गेले आणि खुद्द प्रद्युम्नच्या भूमिकेतील अभिनयाचाही गांभीर्याने विचार झाला नाही. मराठी नाट्य-चित्रपटसमीक्षेने दूरचित्रवाणीवरील अभिनयाकडे सामान्यतः दुर्लक्ष केले असल्यामुळे ही उणीव अधिकच जाणवते. प्रस्तुत लेखात ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. विडंबन अभिनयाचा कोणता अंश उचलते आणि कोणता सोडून देते, हे स्पष्ट करणे.
२. ‘सीआयडी’मधील प्रद्युम्नच्या लकबींमागील कारणे मालिकेच्या रचनेत शोधणे.
३. साटम यांच्या निवडक हिंदी व मराठी चित्रपटांतील भूमिकांच्या आधारे त्यांच्या अभिनयाचा आवाका तपासणे.

विडंबन आणि अभिनय : तात्त्विक भूमिका

विडंबन ही मराठी वाङ्मयाला परिचित असलेली गोष्ट आहे. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्रे यांनी लिहिलेला ‘झेंडूची फुले’ हा संग्रह १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तत्कालीन कवींच्या, विशेषतः रविकिरण मंडळाच्या कवितेतील लकबींची थट्टा होती. ती थट्टा वाचकांना भावली, कारण मूळ कवितेची शैली त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. ज्याला स्वतःची शैली नाही त्याचे विडंबन करता येत नाही. म्हणजेच विडंबन हे एका अर्थी शैलीला मिळालेले प्रमाणपत्र असते. मात्र विडंबन शैलीचे मूल्यमापन करीत नाही. ते शैलीतील सहज उचलता येईल असा भाग निवडते आणि तो फुगवून दाखवते. विडंबित कवीची योग्यता ठरविण्यासाठी विडंबनाकडे न जाता मूळ कवितेकडेच जावे लागते. नटाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. या वर्गीकरणाच्या आधारे पाहिल्यास नकलाकार पहिले तीन प्रकार उचलू शकतो, असे दिसते. हाताची हालचाल हे आंगिक, विशिष्ट लयीतील वाक्य हे वाचिक आणि पेहराव हे आहार्य. चौथा प्रकार, म्हणजे मनाच्या एकाग्रतेतून उत्पन्न होणारा सात्त्विक अभिनय, नकलेच्या कक्षेत येत नाही. कारण त्याला प्रसंग लागतो, समोरचे पात्र लागते आणि आधी घडून गेलेल्या घटनांचे ओझे लागते. नक्कल या तिन्ही गोष्टींपासून तोडलेली असते. म्हणून साटम यांच्या अभिनयाचा शोध विडंबनाने जे उचलले नाही त्यातच घ्यावा लागतो.

‘सीआयडी’ आणि पुनरावृत्तीचे प्रयोजन :

साटम यांनी बँकेतील नोकरी सांभाळून रंगभूमीवर काम केले. विजया मेहता यांच्या ‘पेस्तनजी’ (१९८८) या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या बी. पी. सिंग यांच्या मराठी मालिकेतून त्यांची पोलीसकथांशी ओळख झाली. याच सिंग यांची ‘सीआयडी’ ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली. २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत तिचे दीड हजारांहून अधिक भाग प्रसारित झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा प्रेक्षकांसमोर आली. एकच नट, एकच पात्र आणि दोन दशकांहून अधिक काळ, असे उदाहरण भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात विरळाच.

इतक्या दीर्घ प्रवासात लकब निर्माण होणे अपरिहार्य होते. ‘सीआयडी’च्या कथानकाची रचना मुख्यतः ठरावीक आहे. प्रेत सापडते, पथक येते, पुरावे गोळा होतात, प्रयोगशाळेत डॉ. साळुंखे निष्कर्ष सांगतात, संशयितांची चौकशी होते आणि अखेरीस गुन्हेगार सापडतो. या रचनेत प्रद्युम्नचे मुख्य काम कृती करणे हे नाही. दार तोडणे दयाकडे, माग काढणे अभिजितकडे आणि विनोद फ्रेडरिक्सकडे आहे. प्रद्युम्नकडे आहे ती शंका. कथा सरळ मार्गाने जात असताना तिला थांबवणे आणि दिसते ते खरे नाही असे प्रेक्षकाला सांगणे, हे त्याचे नेमून दिलेले कार्य होय. विचार ही दिसणारी क्रिया नव्हे. पडद्यावर ती दिसावी यासाठी नटाला काही शारीरिक खूण लागते. फिरणारी बोटे ही तशी खूण आहे. एखादी न जुळणारी गोष्ट हातात धरून ती फिरवून पाहावी, तसा काहीसा अर्थ त्या हालचालीतून सूचित होतो.

कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगाकडे वळताना नामघोष करतो, तमाशात गणानंतर गवळण येते. श्रोत्याला या खुणा ठाऊक असतात आणि तो त्यांची वाट पाहत असतो. प्रद्युम्नच्या लकबीचे स्थान असेच आहे. ती कथेचा टप्पा बदलल्याची खूण आहे. एक भाग सुटा पाहणाऱ्याला ती कृत्रिम वाटेल, परंतु वर्षानुवर्षे मालिका पाहणाऱ्या कुटुंबाला तिच्यात आश्वासन सापडते. नक्कल करणारा ही लकब तिच्या जागेवरून उचलतो. त्यामुळे तिचे प्रयोजन नाहीसे होते आणि केवळ आकार उरतो.

प्रद्युम्नच्या भूमिकेत याहून वेगळे क्षणही आहेत. मालिकेच्या कथानकात त्याचा मुलगा नकुल गुन्हेगारीच्या मार्गाला लागतो आणि बापालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. हा प्रसंग लक्षात घेतला की प्रद्युम्नचे एकाकीपण, कनिष्ठ अधिकाऱ्यांवरील त्याची पालकासारखी माया आणि तिच्या जोडीला असलेला कठोरपणा यांची संगती लागते. दयाला मारलेली हाक हुकूम असते, तशीच ती घरात मूल न उरलेल्या माणसाचीही हाक असते. विडंबनात या हाकेतील पहिला अर्थ येतो, दुसरा येत नाही.

२००४ मध्ये या मालिकेचा १११ मिनिटांचा एक भाग कोठेही न थांबता एकसलग चित्रित करण्यात आला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. अशा चित्रणात संकलनाची मदत मिळत नाही. चुकलेले वाक्य पुन्हा घेता येत नाही, चेहऱ्यावरील भाव दोन तुकड्यांत जुळवता येत नाही. संपूर्ण संचाला पाठांतर, हालचालींचे भान आणि सहकलाकारांशी ताळमेळ अखंड राखावा लागतो. हे गुण रंगभूमीवरील तालमीतून येतात. ज्या संचाची ‘ठोकळेबाज’ म्हणून थट्टा झाली त्याच संचाने आणि त्याच्या प्रमुख नटाने ही कसोटी पार केली, याची नोंद समीक्षेने घ्यायला हवी.

‘वास्तव’ : अधिकार गमावलेला पिता

‘सीआयडी’ सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘वास्तव’ (१९९९) प्रदर्शित झाला. त्यात साटम यांनी नामदेव शिवलकर या चाळीत राहणाऱ्या मराठी गृहस्थाची भूमिका केली. त्याचा धाकटा मुलगा रघू (संजय दत्त) पावभाजीची गाडी टाकतो, एका भांडणातून त्याच्या हातून खून होतो आणि तो टोळीच्या जगात ओढला जातो. चित्रपटाच्या शेवटी आई (रीमा लागू) स्वतःच्या हाताने मुलावर गोळी झाडते.

या चित्रपटाची चर्चा प्रामुख्याने संजय दत्त आणि रीमा लागू यांच्या अनुषंगाने झाली, व ते योग्यही आहे. परंतु आईचे ते कृत्य विश्वसनीय वाटण्यासाठी घरातील पुरुषाचा अधिकार आधी संपलेला असणे आवश्यक होते. ते काम नामदेवने केले आहे. मुलाच्या रिकामटेकडेपणावर चिडणारा, संसाराची ओढाताण जाणणारा आणि पुढे मुलाच्या पैशाचा व दहशतीचा पसारा पाहून हतबल होणारा हा बाप साटम यांनी आवाज न चढवता उभा केला. गिरणगावच्या परिसरात १९८२ च्या संपानंतर असे अनेक बाप होते. घरातील कर्तेपण हातातून निसटलेले, पण ते मान्य करण्याची भाषा नसलेले. नामदेव या पिढीचा प्रतिनिधी वाटतो.

येथे एक लक्षणीय तुलना संभवते. एकाच नटाने जवळपास एकाच कालखंडात दोन पिते रंगविले. दोघांचेही मुलगे गुन्हेगार आहेत आणि दोघांच्याही घरात त्या मुलाचा अंत घरच्याच माणसाच्या हातून होतो. प्रद्युम्नच्या हातात कायद्याने दिलेले पिस्तूल आहे. त्याचे दुःख कर्तव्याच्या आड लपू शकते. नामदेवजवळ असा कोणताच आडोसा नाही. तो केवळ साक्षी राहतो. अधिकार असलेल्या पित्याचे शरीर ताठ, नजर रोखलेली आणि वाक्य आज्ञार्थी असते. अधिकार गमावलेल्या पित्याचे शरीर आकसलेले आणि वाक्य अर्धवट असते. या दोन टोकांमधील अंतर हेच साटम यांच्या अभिनयकक्षेचे पहिले प्रमाण होय.

मध्यमवर्गीय गृहस्थ : ‘गुलाम-ए-मुस्तफा’ आणि ‘नायक’

‘गुलाम-ए-मुस्तफा’ (१९९७) मध्ये साटम यांनी दीक्षित या मध्यमवर्गीय कुटुंबप्रमुखाची भूमिका केली. नाना पाटेकर यांच्यासारखा प्रभावी अभिनेता समोर असताना त्याच्याशी स्पर्धा करण्याचा मोह दुय्यम नटाला होऊ शकतो. साटम तो टाळतात. दीक्षितची भीती, लाज आणि पापभीरूपणा यांमुळेच नायकाचे रांगडेपण उठून दिसते. दुसऱ्याच्या अभिनयाला आधार देणे हाही अभिनयाचाच भाग आहे, याचे हे उदाहरण आहे.

‘नायक’ (२००१) मधील नायिकेचा पिता हा याच वर्गातील, पण विनोदाच्या अंगाने जाणारा माणूस आहे. जावई सरकारी नोकरीतील असावा, हा त्याचा आग्रह. मुख्यमंत्री झालेल्या तरुणाला मुलगी देण्यासही तो तयार नसतो, कारण त्या पदाला शाश्वती नाही आणि त्यात जिवाला धोका आहे. प्रसंग अतिशयोक्त असला तरी साटम यांनी त्याला हास्यचित्र होऊ दिलेले नाही. त्या बापाला आपली भीती शंभर टक्के खरी वाटते. म्हणून प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी आपल्या ओळखीच्या एखाद्या वडीलधाऱ्याला आठवतो. स्वतः दीर्घकाळ बँकेत नोकरी केलेल्या नटाला नोकरीच्या शाश्वतीचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नसावे, असा तर्क येथे करता येतो.

‘उत्तरायण’ : संयत प्रेमभावना

साटम यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वेगळी भूमिका बिपिन नाडकर्णी दिग्दर्शित ‘उत्तरायण’ या मराठी चित्रपटात आढळते. जयवंत दळवी यांच्या ‘दुर्गी’ या नाटकावर आधारित असलेल्या या चित्रपटाला २००४ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आयुष्याच्या उत्तरार्धात रघू आणि दुर्गी (नीना कुळकर्णी) हे बालपणीचे स्नेही पुन्हा भेटतात आणि त्यांना परस्परांच्या सोबतीची ओढ वाटू लागते, हे त्याचे कथासूत्र आहे.

मराठी मध्यमवर्गीय समाजात उतारवयातील प्रेमाकडे थट्टेच्या किंवा नाराजीच्या नजरेने पाहिले जाते. त्यामुळे अशा भूमिकेत दोन धोके असतात. नट तारुण्याचा आव आणतो, किंवा दया यावी म्हणून दीनवाणा होतो. साटम यांनी दोन्ही टाळले आहेत. येथे त्यांचा आवाज खालच्या पट्टीत आहे. ‘सीआयडी’तील आज्ञार्थी वाक्यांच्या जागी विचारणा आहे, संकोच आहे. प्रद्युम्न समोरच्याच्या डोळ्यांत पाहून सत्य काढून घेतो. ‘उत्तरायण’मधील रघूला समोरच्या व्यक्तीचे सत्य ठाऊक आहे, पण ते तिने स्वतः सांगावे म्हणून तो थांबतो. थांबण्याची ही कला विडंबनाच्या हाती लागू शकत नाही, कारण तिच्यात नक्कल करण्याजोगे काहीही घडत नाही.

‘दे धक्का’ आणि ‘हापूस’ : ग्रामीण वृद्धाची दोन रूपे

‘दे धक्का’ (२००८) मध्ये साटम यांनी सूर्यभान जाधव हा म्हातारा रंगविला. मुलीच्या नृत्यस्पर्धेसाठी कोल्हापूरहून मुंबईला निघालेल्या कुटुंबातील हा व्यसनी, बेफिकीर पण आतून हळवा ज्येष्ठ. चित्रपटाचा बाज मोकळ्याढाकळ्या विनोदाचा आहे. मकरंद अनासपुरे आणि सिद्धार्थ जाधव यांसारख्या विनोदात मुरलेल्या नटांबरोबर वावरताना साटम यांनी आपली शहरी, अधिकारी प्रतिमा पूर्णपणे बाजूला ठेवली. ज्या प्रेक्षकाने त्यांना त्याच काळात दर आठवड्याला गुन्हेगारांना धारेवर धरताना पाहिले, त्यालाच या सूर्यभानने हसवले. प्रतिमा मोडण्याचे हे धाडस नोंद घेण्याजोगे आहे.

‘हापूस’ (२०१०) मधील अण्णा गुरव हा कोकणातील आंबा बागायतदार. कलमांवर पोटच्या पोरासारखी माया करणारा, परंतु पोटच्या पोराशी मात्र पटवून न घेणारा. मुलगा नव्या पद्धतीने व्यापार करू पाहतो आणि बाप जुन्या वाटेवर अडून बसतो. कोकणी माणसाचा हेकटपणा मराठी नाट्य-चित्रपटांत अनेकदा विनोदाच्या अंगाने आला आहे. साटम यांच्या अण्णामध्ये त्या हेकटपणाच्या मुळाशी असलेली भीती दिसते. बाग गेली तर आपण कोण, हा प्रश्न तो उच्चारत नाही, पण त्याच्या प्रत्येक नकारात तो ऐकू येतो. सूर्यभानने सोडून दिलेला आणि अण्णाने घट्ट धरून ठेवलेला असा हा घरातील अधिकार. दोन्ही वृद्धांच्या वागण्याची गुरुकिल्ली त्यातच आहे.

काही मर्यादा :

साटम यांच्या अभिनयाचा गौरव करताना काही मर्यादांचाही विचार करणे आवश्यक आहे. ‘सीआयडी’च्या असंख्य भागांत संवादांचा दर्जा सामान्य आहे आणि उघड दिसणारी गोष्ट शब्दांत पुन्हा सांगण्याची सवय मालिकेला जडलेली आहे. अशा भागांत लकबीचा उपयोग विचार दाखवण्यासाठी न होता पोकळी भरण्यासाठी झालेला दिसतो. पुढे पुढे मालिकेने स्वतःच आपल्या नकलेला प्रतिसाद देत लकबींचे प्रमाण वाढवले, असेही म्हणता येईल. प्रेक्षकाला जे हवे ते देण्याच्या या व्यवहारात नटाची जबाबदारी पूर्णतः नाकारता येत नाही. तसेच हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना बहुतांशी पिता किंवा पोलीस अधिकारी याच चौकटीत पाहिले. त्यामुळे त्यांचा आवाका भूमिकांच्या प्रकारांत शोधू गेल्यास तो अरुंद वाटतो. तो एकाच प्रकारातील छटांमध्ये शोधावा लागतो.

निष्कर्ष :

१. विडंबन अभिनयातील आंगिक व वाचिक अंश उचलते. प्रसंग आणि सहकलाकार यांवर अवलंबून असणारा सात्त्विक अंश त्याच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून विडंबनाची लोकप्रियता हे नटाच्या योग्यतेचे किंवा अयोग्यतेचे गमक ठरत नाही.

२. प्रद्युम्नच्या लकबी मालिकेच्या ठरावीक रचनेतून आणि त्या रचनेत त्याला दिलेल्या ‘शंका घेणारा’ या कार्यातून निर्माण झाल्या आहेत. त्या केवळ नटाच्या सवयी नव्हेत.

३. साटम यांच्या भूमिकांना जोडणारे सूत्र पितृत्व आणि अधिकार यांचा संबंध हे आहे. प्रद्युम्नकडे अधिकार आहे, नामदेवने तो गमावला आहे, ‘नायक’मधील पिता तो धास्तीने वापरतो, सूर्यभानने तो सोडून दिला आहे आणि अण्णा गुरव तो हट्टाने धरून ठेवतो. ‘उत्तरायण’मधील रघू मात्र अधिकाराची भाषा बाजूला ठेवून सोबत मागतो. एकाच नात्याच्या इतक्या अवस्था दाखविणारा अभिनेता एका लकबीचा धनी म्हणून ओळखला जावा, ही प्रेक्षकांइतकीच समीक्षेचीही उणीव आहे.

४. दूरचित्रवाणीवरील दीर्घ मालिकांतील अभिनयाचे मूल्यमापन करण्यासाठी नाटक-चित्रपटांचे निकष जसेच्या तसे पुरेसे ठरत नाहीत. पुनरावृत्ती, सातत्य आणि प्रेक्षकांशी असलेला नित्य सहवास यांचा विचार करणारे निकष मराठी समीक्षेने घडविणे गरजेचे आहे.

एप्रिल २०२५ मध्ये मालिकेच्या कथानकात प्रद्युम्नचा मृत्यू झाल्याचे दाखविण्यात आले, तेव्हा वर्षानुवर्षे त्याची नक्कल करणाऱ्या प्रेक्षकांनीच हळहळ व्यक्त केली. बोटे फिरवून हसणाऱ्या माणसाच्या मनातही त्या पात्राविषयी माया साठत गेली होती, हे त्यावरून दिसून आले. ती माया निव्वळ लकबीने निर्माण होत नाही. तिच्यामागे नटाने अनेक वर्षे, फारशी दाद नसतानाही, निष्ठेने केलेले काम असते. त्या कामाची दखल घेणे हे समीक्षेचे कर्तव्य होय.